जुने कपडे गोळा करून निधी उभारायचा आहे, पण पैसे नेमके कशातून सुटतात?

शिवणटीप (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

आमच्या गटाला मुलांसाठी एक छोटं वाचनालय उभं करायचं आहे. जागा मिळाली, पुस्तकांचा शब्दही काही जणांनी दिलाय. अडलंय ते कपाटं, दिवे आणि रंगकाम यांच्या खर्चावर. वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन फिरायचा फिरणाऱ्यांना कंटाळा आलाय आणि दार उघडणाऱ्यांना त्याहून जास्त. मागच्या बैठकीत कल्पना निघाली की पैशांऐवजी जुने कपडे मागू. पैसे काढताना हात आखडतो, अंगाला न होणारा सदरा देताना आखडत नाही.

चौकशी सुरू केली तर प्रत्येक जण वेगळंच सांगतोय. एक व्यापारी म्हणतो, सगळं एकत्र द्या, वजनावर घेतो. दुसरा म्हणतो, निवडून द्या, भाव जास्त देतो. तिसरा म्हणाला, "आमच्या पेट्या ठेवा, तुम्हाला काहीच करायला नको." हे शेवटचं ऐकूनच मला धास्ती वाटली. गटातल्या काही जणींना शिवण येतं, त्यांचं म्हणणं पिशव्या नि कव्हरं शिवून विकू.

ज्यांनी हे केलंय किंवा जे या धंद्यात आहेत त्यांनी जरा उजेड पाडावा. गोळा करणं सोपं दिसतंय. त्याच्या पुढचं काही कळत नाहीये.


पांढरा_कावळा

वाचनखूण साठवली. तोवर एक भाकीत: पहिल्याच खेपेला एकेकटे मोजे, इलास्टिक गेलेल्या विजारी आणि एक भरजरी कोट येणार. निवडायचं सोडून सगळा गट तो कोट घालून बघणार.


गठ्ठेवाला

बरीच वर्षं जुन्या कपड्यांच्या निवडणीत गेली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद तेवढा वाचा.

रिसायकलिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर येतं ते असं: एका तोंडाने जुना शर्ट यंत्रात गेला, दुसऱ्या तोंडाने नवा बाहेर आला. तसं जवळपास होतच नाही. एलन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालाप्रमाणे कपड्यांसाठी जेवढा कच्चा माल लागतो त्यातला एक टक्कासुद्धा फिरून नव्या कपड्यात जात नाही. कारणं अगदी साधी आहेत. सुती कापड फाडून पुन्हा तंतू काढले की ते तुटून आखूड होतात, नवा कापूस मिसळल्याशिवाय धड सूत निघत नाही. त्यात हल्ली निखळ सुती असतं किती? पॉलिएस्टरची भेसळ, वर कापड ताणलं जावं म्हणून इलास्टेन, म्हणजे रबरासारखा ताणणारा धागा. फाडणाऱ्या यंत्राला इलास्टेन थोडंही चालत नाही. ते तुटायच्या ऐवजी ताणतं आणि यंत्राच्या दातांना गुंडाळून बसतं. 'रिसायकल्ड पॉलिएस्टर' असा बिल्ला लावलेले कपडे दिसतात, त्यातलं बहुतेक पॉलिएस्टर प्लास्टिकच्या बाटल्यांतून आलेलं असतं, जुन्या कपड्यांतून नव्हे.

मग धंदा चालतो कशावर? ढीग ओतला की आधी अंगावर घालण्याजोगा माल बाजूला होतो. नफा तिथे. त्याच्या खाली सुती, पाणी नि तेल शोषणारं कापड. ते कापून गॅरेज, छापखाने, कारखाने यांना पुसायला जातं. पांढऱ्या आणि फिक्या कापडाला इथे मान, कारण त्याचा रंग लागत नाही. जुन्या टीशर्टचं होजिअरी कापड उत्तम. बटणं आणि चेन आधी उडवाव्या लागतात, नाहीतर पुसताना ओरखडे पडतात. निखळ पॉलिएस्टर पुसायला कुचकामी, पाणी नुसतं ढकलत नेतं. त्याच्याही खाली पिंजून भरण करायचा माल: गाद्या, मोटारीच्या आतलं आवाज दाबणारं अस्तर, असलं काही. अगदी तळाला जे उरतं ते टाकायलाच पैसे पडतात. वरचा थर खालच्या सगळ्यांना पोसतो.

आता तुमचे दोन व्यापारी. 'सगळं एकत्र द्या' म्हणणारा त्या वरच्या थरावर पैज लावतोय. घरातून बांधून आलेली, मधे कुणीही न उघडलेली पिशवी ही धंद्यात वेगळी जिन्नस आहे आणि तिचा भाव वेगळा. चांगलं काढून घेऊन उरलेलं दिलंत की भाव पडतो. न सांगता दिलंत तर पहिल्याच गाठोड्यात त्याला कळतं. निवडणीवर बसलेल्या बायकांच्या हातांना कोणी फसवू शकत नाही. निवडून मागणारा दुसरा व्यापारीही खोटं बोलत नाही, पण त्याला प्रतवारी त्याच्या डोळ्याने झालेली हवी असते, तुमच्या नाही.

म्हणून धड रस्ते दोनच. न उघडता सगळं वजनावर द्या: पैसे कमी, कष्ट कमी. किंवा स्वतः निवडा, वरचा माल स्वतः विका, आणि खालच्यातून कमाईची आशा सोडा. मधला रस्ता धरलात तर कष्ट दुसऱ्या रस्त्याचे आणि पैसे पहिल्या रस्त्याचे.


आकडेमोड

गठ्ठेवाला, छापून भिंतीवर लावावा असा प्रतिसाद.

मी फक्त पेट्यांविषयी बोलतो. आमच्या भागातल्या एका गटाने अशा पेट्या ठेवून घेतल्या होत्या. पेटीवर गटाचं नाव आणि हसरी मुलं, किल्ली मात्र ठेकेदाराकडे. तो कधी येऊन रिकामी करायचा आणि वजन किती भरायचं हे गटाला त्याच्याच चिठ्ठीवरून कळायचं. लोक समजत होते की आपण गटाला देतोय. गटाला मिळत होता नाव वापरू दिल्याचा मोबदला, तोही ठेकेदार सांगेल तेवढा.

पेटी वाईट नाही, करार वाईट असतो. तेव्हा शिवणटीप, पेट्या घेणार असाल तर चार गोष्टी लेखी घ्या. वजन तुमच्यासमोर, तुमच्या माणसाच्या सहीने. भाव किलोला ठरलेला आणि किती महिने कायम राहणार तेही लिहिलेलं. पेटीभोवती कचरा साठला तर उचलायचा कोणी. आणि पेटीवर स्पष्ट छापलेलं हवं की गोळा करणारा अमुक, त्यातला अमुक हिस्सा वाचनालयाला. ही शेवटची ओळ छापायला जो तयार होत नाही त्याच्याशी पुढे बोलूच नका.

अवांतर: कापूस हवेतलं पाणी धरतो. वस्त्रोद्योगात वजनाच्या हिशेबाला कापसासाठी साडेआठ टक्के ओलावा गृहीतच धरतात, लोकरीला त्याच्या जवळपास दुप्पट, पॉलिएस्टरला अर्धा टक्कासुद्धा नाही. त्यामुळे दमट दिवसांत व्यापारी 'ओला माल' म्हणून वजनात काट मारतो ती दरवेळी लबाडी नसते. पण काट किती हे आधी ठरवा, काट्यावर उभं राहून नव्हे.


पांढरा_कावळा

'चार गोष्टी लेखी' यातली पाचवी: ठेकेदाराला पोहणारी, धावणारी, हसणारी मुलं कुठून मिळतात ते विचारा. प्रत्येक पेटीवर तीच असतात.


उसवण

सगळे कौतुकाने लिहितायत म्हणून थोडं विरजण घालते.

वजनावर दिलेला माल जातो कुठे, हे कोणीच विचारलं नाही. घानातल्या अक्राचा कान्तामान्तो बाजार पाहा, जगातल्या सगळ्यांत मोठ्या जुन्या कपड्यांच्या बाजारांपैकी एक. तिथली बाई पैसे देऊन बंद गासडी विकत घेते, आत काय आहे ते न बघता. निम्मा माल भिकार निघाला तर तोटा तिचा, आणि तो कचरा तिच्या शहराच्या गटारात नि समुद्रावर. चिलीच्या अटाकामा वाळवंटात आल्टो ओस्पिसिओजवळ टाकलेल्या कपड्यांचे डोंगर साचले, त्यांची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिलीच असतील. आणि नको म्हणायचीही सोय नाही. पूर्व आफ्रिकी देशांनी २०१६ मध्ये जुन्या कपड्यांची आयात हळूहळू बंद करायचं ठरवलं. रवांडाने जकात वाढवली आणि मागे हटायला नकार दिला, तर अमेरिकेने २०१८ मध्ये त्यांच्या तयार कपड्यांची करमुक्त सवलत स्थगित केली.

तेव्हा आपलं वाचनालय होईल, छान. पण त्या कपाटांचे पैसे कोणाच्या तरी गटारातून आलेले असतील. 'रिसायकलिंग' हा फलक लावून हे करू नका एवढंच.


गठ्ठेवाला

उसवण, तुमच्या माहितीशी भांडण नाही, निष्कर्षाशी थोडं आहे.

कान्तामान्तो हा कचऱ्याचा ढीग नाही. तिथे हजारो लोक धुतात, उसवतात, शिवतात, रंगवतात आणि विकतात. जगात जुन्या कपड्यांची खरी दुरुस्ती एवढ्या प्रमाणावर फार थोड्या ठिकाणी होत असेल. जानेवारी २०२५ मध्ये तो बाजार आगीत बऱ्याच प्रमाणात जळाला, तेव्हा त्या लोकांची रोजीरोटी गेली, आणि त्यांनी तो पुन्हा उभा करायला घेतला. त्यांना जुने कपडे नकोत असं नाही. त्यांना भिकार माल नको.

आणि गासडीत भिकार माल शिरतो कसा? आपल्याच दारातून. 'गरिबाला चालेल' म्हणत फाटकं, डागाळलेलं, कुबट वासाचं पिशवीत कोंबणारे आपणच. त्यामुळे 'रिसायकलिंग'ची पाटी नको हे मला मान्य. 'पुन्हा वापरण्याजोगे कपडे' असं सरळ लिहावं. लोक काय आणून देतात ते पाटीवर अवलंबून असतं.


ऊनवेडी

धागा छान चाललाय. मी लोकरीच्या बाजूने साक्ष द्यायला आले.

कापूस फाडला की आखूड होतो हे खरं, लोकर मात्र बरीच टिकते. इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या बॅटली गावात बेंजामिन लॉ याने १८१३ च्या सुमारास लोकरी चिंध्या पिंजून, त्यात थोडी नवी लोकर मिसळून कापड विणायची रीत बसवली. त्याला 'शॉडी' म्हणतात. इंग्रजीत या शब्दाला पुढे वाईट अर्थ चिकटला, पण त्या कापडाने कितीतरी सैनिकांचे डगले आणि घोंगड्या झाल्या. इटलीतलं प्रातो आजही याच कामासाठी नावाजलेलं आहे, आणि आपलं पानिपत तर या धंद्याचं मोठं केंद्र. जगभरातून तिथे लोकरी कपडे यायचे, तेही आधी कापून चिरफाड केलेले, म्हणजे कपडा म्हणून कोणी विकू नये. मग अस्तर, बटणं, चेन काढायची, रंगानुसार ढीग लावायचे, पिंजायचं, कातायचं. रंगानुसार ढीग का? लाल चिंध्यांतून लाल सूत निघतं, पुन्हा रंगवायला नको. रंग, पाणी, इंधन सगळंच वाचतं. तिथली करडी ब्लँकेटं कित्येक वर्षं पूर-भूकंपांच्या मदतकार्यात वाटली गेली. पुढे पॉलिएस्टरची मऊ ब्लँकेटं स्वस्तात आली आणि पानिपतच्या बऱ्याच गिरण्या तिकडे वळल्या.

तात्पर्याला येते. शिवणटीप, तुमच्याकडे निखळ लोकरीचे स्वेटर, शाली, कोट आले तर ते फाटके असले तरी वेगळे ठेवा. चिंध्यांत लोकरीलाच थोडाफार भाव असतो. खूण: एक धागा ओढून जाळून बघा. लोकर जळलेल्या केसांसारखी वास मारते आणि राख चुरगळते. अ‍ॅक्रिलिक वितळून कडक गोळी होते. जाळताना चिमट्यात धरा, बोटांत नको.


पांढरा_कावळा

कोटाचा धागा मात्र ओढू नका.


रफू

शिवून विकण्याविषयी कोणी लिहिलं नाही अजून. लिहिते.

शिवणाऱ्या बाईचे तास कोणी धरत नाही, म्हणून हा उद्योग नफ्यातला वाटतो. जुन्या कपड्याची पिशवी शिवायची तर आधी उसवा, शिवणी काढा, इस्त्री करा, डाग टाळून बेतायचं म्हणून कापड वाया घालवा, मग शिवा. नव्या थानातून पिशवी त्याहून लवकर होते. 'फुकटचं कापड' हे फुकट नसतं, त्याची किंमत उसवण्यात जाते. (उसवण, तुमच्यावर नाही हो.)

जिथे कापड सलग आणि मोठं मिळतं तिथे जमतं. पडदे, चादरी, अभ्रे, टेबलावरची कापडं. डेनिमच्या पँटचा मांडीपासून घोट्यापर्यंतचा भाग. त्याच्या दप्तराच्या पिशव्या, पुस्तकांची कव्हरं, शिवणयंत्राची झाकणं चांगली होतात. टीशर्टला हातच लावू नका, कापड लोळतं, घरच्या यंत्रावर शिवण ओढली जाते. ते पुसायच्या ढिगात जाऊ द्या.

आणखी एक, हे थोडं कडू लागेल. बायकांनी फुकट शिवायचं आणि निधी गटाचा, असं ठरणार असेल तर त्यांना आधी विचारा. शिवलाई आधी बाजूला काढा, उरलं ते वाचनालयाला. शिवलाई काढून काही उरतच नसेल तर ती वस्तू विकण्यात राम नाही हे त्याच दिवशी कळतं.


शिवणटीप

रफूताई, कडू वगैरे काही नाही. आमच्यातल्या शिवणाऱ्यांपैकी मीच एक, त्यामुळे अगदी मनातलं बोललात. :)

उसवण, पाटीचं पटलं. गठ्ठेवाला, स्वतः निवडून विकायचं म्हटलं तर तो 'वरचा माल' आम्ही विकावा कसा? दुकान नाही आमच्याकडे.


हँगर

इथे मी उत्तर देऊ शकते. जुन्या वस्तूंच्या एका धर्मादाय दुकानात मी बराच काळ स्वयंसेवक आहे.

ही रीत नवी नाही. ऑक्सफॅम या ब्रिटिश मदतसंस्थेचं ऑक्सफर्डमधलं ब्रॉड स्ट्रीटवरचं दुकान १९४७ चं. दुकानात न खपणाऱ्या कपड्यांसाठी त्यांनी १९७४ मध्ये हडर्सफील्डला निवडणीचं केंद्र काढलं, आणि पुढे ते केंद्र गेलं कुठे, तर ऊनवेडीच्या त्या बॅटलीला! गंमत सोडा, पण मुद्दा असा की एवढ्या मोठ्या संस्थेलाही 'दुकानात न खपणारं' हा वेगळा विभाग करावा लागला.

दुकान नसलं तरी विक्रीचा दिवस ठेवता येतो. मला दिसलेल्या काही गोष्टी सांगते.

लहान मुलांचे कपडे सगळ्यांत आधी खपतात. मुलं कपडा झिजवायच्या आत वाढतात, त्यामुळे माल चांगला येतो आणि घेणारी आईही तेवढीच उत्सुक. पुरुषांचे कपडे कमी येतात, कारण बहुतेक पुरुष शर्ट त्याचं पायपुसणं होईपर्यंत घालतात. जे येतात ते लगेच जातात. बायकांच्या कपड्यांचा ढीग मोठा आणि खप त्या मानाने कमी. मापानुसार लावा, प्रकारानुसार नाही. 'सगळे टॉप एकत्र' असं लावलं की बाई दहा उलथवून कंटाळते आणि निघून जाते; आपल्या मापाच्या दांडीपाशी आली की बराच वेळ रमते. कपडे टेबलावर ढीग करून ठेवले तर लोक ढिगाचा भाव देतात. टांगलेल्या कपड्याला कपड्याचा भाव मिळतो. हँगर उसने आणा, मागा, पण आणा.

प्रत्येक नगावर किंमत चिकटवत बसू नका. दोन-तीन रंगांच्या चिकटपट्ट्या, रंगाला किंमत, झालं. शेवटच्या तासाला 'एक पिशवी भरा, एकच किंमत' अशी हाळी द्यायची. तोवर उरलेला माल पुन्हा घरी नेणं हीच सगळ्यांत मोठी शिक्षा असते.

आणि मुख्य म्हणजे पैसे कशासाठी ते समोर दिसू द्या. 'समाजकार्यासाठी' असं लिहिलं की लोक घासाघीस करतात. कपाटाचं चित्र लावून, आज किती खण भरले ते रंगवत गेलात तर सुटे पैसे परत मागत नाहीत.


सरळरेघ

थोडा वेगळा विचार मांडतो. सगळी चर्चा कपड्यांचे पैसे कसे करायचे यावर चाललीय. पैसे न करताही कपड्यांतून स्थानिक कामं उभी राहू शकतात. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत सुरू केलेली 'गूंज' हेच करते. शहरांतून आलेले कपडे आणि इतर सामान निवडून, नीट करून खेड्यांत जातं, पण भीक म्हणून नाही. गावाने आपलं काम आपण ठरवायचं, विहीर, रस्ता, बंधारा, जे काही अडलं असेल ते, श्रमदानाने करायचं, आणि त्याचा मोबदला म्हणून हे सामान घ्यायचं. सुती कापडाची पाळीसाठीची पॅडही त्यांनी केली. गुप्तांना २०१५ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

तुमचं वाचनालयाचं रंगकाम, कपाटं जोडणं, हे कोणी मजुरीच्या जागी कपडे घेऊन करेल असं मी म्हणत नाही. पण मोबदला आणि दान यांत घेणाऱ्याची मान किती खाली जाते याचा फरक आहे, तो विक्रीच्या दिवशीही लक्षात ठेवावा. अगदी कमी किंमत लावा, फुकट वाटू नका.


आकडेमोड

सरळरेघ, मजुरी देणं लागतो तिथे ती पैशातच द्यायला हवी. तुमचं शेवटचं वाक्य मात्र शंभर टक्के मान्य.


उसवण

'गूंज'वरून आठवलं. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत लोकांनी पाठवलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्यांवर पडले होते. कोळ्यांच्या वस्तीला निरुपयोगी कपडे, तेही न धुता पाठवलेले. नंतर ते उचलून, निवडून उपयोगात आणायचं काम 'गूंज'ने केलं. मी मघाशी जे म्हणत होते ते परदेशाचंच नाही.


गठ्ठेवाला

उसवण यांना या वेळी पूर्ण अनुमोदन.

शिवणटीप, भावाविषयी एक सावधगिरी. जुन्या कपड्यांचा भाव स्थिर नसतो आणि सध्या तो विक्रेत्याच्या बाजूचा नाही. युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून कापड इतर कचऱ्यापासून वेगळं गोळा करणं सदस्य देशांवर बंधनकारक झालं. हेतू चांगला, पण गोळा होणारा माल वाढला, गिऱ्हाईक तेवढंच. त्यात अतिस्वस्त फॅशनमुळे मालाची प्रतच खालावली. धुण्याच्या काही फेऱ्यांत आकार सोडणारा टीशर्ट दुसऱ्यांदा कोण विकत घेणार? फ्रान्समध्ये उत्पादकांनी जुन्या कपड्यांच्या विल्हेवाटीचा भार उचलावा अशी व्यवस्था २००७ पासून आहे, तरीही तिथली 'ल रले' ही मोठी संस्था २०२५ च्या उन्हाळ्यात संकलन थांबवून बसली, कारण निवडणीचा खर्च निघत नव्हता. एवढ्या मोठ्यांची ही गत. तेव्हा व्यापाऱ्याचा आजचा भाव धरून कपाटांची ऑर्डर देऊ नका. विक्रीच्या दिवशी हातात आलेले पैसे मोजा, वजनावरचे वरकड समजा.

आणि साठवण. कोरडं ठेवा. एक ओली पिशवी सगळ्या ढिगाला बुरशी लावते आणि कुबट वास धुऊनही जात नाही. तसा माल व्यापारी सरळ परत करतो. जमिनीवर नको, फळ्यांवर. तेलकट फडकी तर अजिबात घेऊ नका. तुम्ही रंगकाम करणार आहात म्हणून मुद्दाम सांगतो: जवसाचं तेल किंवा तसला वॉर्निश पुसलेली फडकी गोळा करून ठेवली की ती आपोआप पेटू शकतात. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळ्यात ती अडकते. ती फडकी पसरून, बाहेर, वाळवायची. कपड्यांच्या ढिगाजवळ तर नाहीच.


नवा_सदस्य

छान माहिती. माझ्याकडे खूप जुने कपडे आहेत, कोणाला देऊ?


पांढरा_कावळा

धागा न वाचता प्रतिसाद देणाऱ्यांसाठी वेगळी पेटी असते. किल्ली ठेकेदाराकडे.


हँगर

कावळेबुवा, नवीन आहेत ते. नवा_सदस्य, तुमच्या जवळपास असा काही गट असेल तर आधी विचारा की त्यांना काय हवंय, मग तेवढंच न्या.


शिवणटीप

सगळ्यांचे मनापासून आभार. काल बैठक झाली, ठरलेलं लिहिते.

पेट्या नाहीत. संकलन दोनच दिवस, ठरलेल्या वेळेत, आमच्यापैकी कोणीतरी समोर बसलेलं. पिशवी देणाऱ्यासमोर उघडायची, जे नको ते तिथेच नम्रपणे परत. यावर बराच वाद झाला, काहींना हे उद्धट वाटतं. पण रिकाम्या पेटीत रात्री कोणी काय टाकून गेलं ते निस्तरण्यापेक्षा समोरासमोर नाही म्हणणं सोपं, असं शेवटी ठरलं. नंतर विक्रीचा दिवस, हँगरताई म्हणतात तसा मापानुसार. पडदे-चादरी आमच्या शिवणमंडळाकडे, शिवलाई आधी. लोकर वेगळी. हिशेब विक्रीच्या जागीच फलकावर, उरलेला माल कुठे गेला यासकट.

सूचनेचा मसुदा असा केलाय: "मुलांच्या वाचनालयासाठी कपडे हवेत. धुतलेले, कोरडे, तुम्ही स्वतः मित्राला घालायला द्याल असे. स्वच्छ पडदे, चादरी, लोकरीचे कपडे जुने असले तरी चालतील. अंतर्वस्त्रं, उशा, गाद्या, तेलकट फडकी नकोत. जे विकलं जाणार नाही ते वजनावर दिलं जाईल आणि ते पैसेही वाचनालयालाच." काही राहिलं का?


रफू

"बटणं तोडू नका" हे घाला. लोक देण्याआधी चांगली बटणं कापून ठेवतात आणि मग शर्ट वरच्या ढिगातून थेट चिंध्यांत जातो.


आकडेमोड

"वजनावर दिलं जाईल" याच्या जागी "व्यापाऱ्याला विकलं जाईल" लिहा. सरळ असू द्या.


गठ्ठेवाला

मसुदा चांगला आहे. दोन भर. बूट-चपला घेणार असाल तर जोडी नाडीने किंवा दोरीने बांधून मागा. सुटा बूट म्हणजे कचरा, आणि ढिगात जोडी शोधायला कोणालाही वेळ नसतो. दुसरं, व्यापाऱ्याशी आत्ताच बोलून ठेवा, विक्रीनंतर नको. त्याला पहिल्याच वाक्यात सांगा की हा विक्रीतून उरलेला, निवडलेला माल आहे. भाव कमी सांगेल, सांगू द्या. पण उचलायला कधी येणार तो वार आणि वेळ पक्की करून घ्या, कारण त्या दिवशी तुम्हाला पैशांपेक्षा जागा रिकामी होण्याची गरज जास्त असेल.


पांढरा_कावळा

आणि कोट आला तर फोटो टाका.